सोडलेली पाळी

पूर्वी गोदाकाठच्या पोतली नगरात अस्सकांचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व जवळच्याच एका गावी गृहपतीच्या कुळात जन्मला होता. पाटाच्या तोंडाशी त्याचे मोठे शेत होते आणि पाण्याची पहिली पाळी त्याची होती. खालच्या अंगाला सोमा नावाच्या विधवेचे एवढेसे वावर होते आणि गावची विहीर त्याच्याच कडेला होती.

गावची रीत अशी, की ज्याने एकदा पाळी सोडली त्याची पाळी कायमची गेली. म्हणून पिकाला नको असले तरी जो तो बांध फुटेस्तोवर पाणी घेई. अति तेथे माती म्हणतात. इथे तर मातीही धड राहिली नाही. सोमाच्या वावरात पांढरे मीठ फुटले, जोंधळा पिवळा पडला, मग विहीरही मचूळ झाली. विहिरीतली यक्षिणी रुसली, असे ठरवून लोकांनी बळीसाठी बोकड बांधला. सोमाला चिंता वेगळीच होती. वावर गेले तर गाव सोडावे लागेल, या धास्तीने ती खंगत चालली होती.

बोधिसत्त्वाने तिच्या बांधाशी खड्डा खणला. गुडघाभर खोलीवरच पाणी लागले. त्याने चूळ भरली आणि थुंकून टाकली.

"बाई, यक्षिणीला कशाला दोष द्यायचा? आम्ही वरून पाणी ओततो, ते खाली साचतं आणि मातीतलं मीठ घेऊन वर येतं. सगळ्यांत जास्त मीच ओतलं."

तो गावचा मुख्य सुदत्त याच्याकडे गेला आणि त्याने पाळी सोडली.

"शुद्धीवर आहेस ना?" सुदत्त म्हणाला. "पोरंबाळं काय खातील?"

"पावसावर पिकेल तेवढं खातील. बोकड मात्र सोडून द्या."

मग त्याने सोमाच्या बांधालगतच्या आपल्या सर्वांत कसदार पट्टीतून ओढ्यापर्यंत खोल चर खणून खारे पाणी काढून दिले. लोक पोट धरून हसले. पहिल्या पावसाळ्यात काहीच दिसले नाही, आणि सोमाने गाडगी-मडकी बांधायला घेतली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर तिच्या वावरात जोंधळा हिरवागार उभा राहिला. तिने विहिरीचे पाणी शेंदून ओंजळभर प्यायले. ते गोड होते. ती तिथेच काठावर बसली आणि पोटभर रडली. किती दिवसांनी तिला हलके वाटले.

सुदत्तानेही पाणी चाखले आणि मान खाली घातली. त्या दिवसापासून गावात सोडलेली पाळी बुडेनाशी झाली.

भिक्षूंना एवढी कथा सांगून शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, पूर्वजन्माचे धागे जुळवले. "तेव्हाची सोमा ही आजची भिक्षुणी खेमा, सुदत्त हा आजचा माझा शिष्य आनंद, आणि तो गृहपती मीच होतो. भिक्षूंनो, आपल्याजवळ आहे ते देणे हे दान आहेच. हक्काचे असूनही न घेणे, हेही दानच आहे."