उंदरीचं दार आणि दोन्हीकडची जहाजं

ऐका बाळांनो. पाय पोटाशी घ्या, हात माझ्या हातात द्या.

एक होतं बेट, इंग्लंड नावाचं. चारी बाजूंना पाणीच पाणी. बेटाला एक राजा. राजाची खुर्ची एकच, आणि ती हवी होती तिघांना. एक तिच्यावर बसलेला. एक उत्तरेच्या पाण्यापलीकडे. एक दक्षिणेच्या पाण्यापलीकडे.

बेटाच्या दक्षिण काठावरच्या टेकडीवर राहायची एक उंदरी. नाव तिचं चिमी. चिमी दाणा आणायला गेली. टुणुक टुणुक. परत आली, तर दारच नाही. दारावर ढाल. परातीएवढी ढाल! शेजारी शिपाई एड्रिक, दक्षिणेकडे बघत बसलेला.

आतून आवाज आला, "चीं चीं."

बाळ आत, आई बाहेर.

चिमीने दाणा गालात ठेवला. डोळे मिटले. "देवा, बाळाने खाल्ल्याशिवाय मी खाणार नाही."

मग म्हणाली, "एड्रिकदादा, ढाल उचल ना."

"शिंग वाजल्याशिवाय उचलायची नाही, चिमीताई. राजाचा हुकूम. सगळा उन्हाळा असाच बसलोय बघ."

टुणुक टुणुक. चिमी गेली शिंगाकडे.

"शिंगा शिंगा, वाज ना.
एड्रिक ढाल उचलेना,
बाळ माझं आत, दाणा माझ्या गालात."

शिंग म्हणालं, "परकी जहाजं आल्याशिवाय वाजायचं नाही."

टुणुक टुणुक. चिमी गेली पाण्याकाठी. पलीकडे दक्षिणेची जहाजं. डोलकाठ्यांचं रानच जणू.

"जहाजांनो, निघा ना.
शिंग वाजेना,
एड्रिक ढाल उचलेना,
बाळ माझं आत, दाणा माझ्या गालात."

जहाजं हसली. "आम्हाला या म्हणणारी तू पहिलीच ग. पण वारा वळल्याशिवाय निघायचं नाही."

टुणुक टुणुक. चिमी चढली टेकडीच्या टोकावर. घूं घूं घूं. सगळं गवत एका अंगावर निजलेलं.

"वाऱ्या वाऱ्या, वळ ना.
दक्षिणेची निघेनात,
शिंग वाजेना,
एड्रिक ढाल उचलेना,
बाळ माझं आत, दाणा माझ्या गालात."

वारा म्हणाला, "उत्तरेची जहाजं हाकतोय. ती काठाला लागल्याशिवाय वळायचं नाही."

चिमी थबकली. उत्तरेचीही जहाजं? आणि सगळे तर दक्षिणेकडे बघत बसलेत.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. चिमी गेली पार उत्तरेला. केवढाली जहाजं! प्रत्येकाच्या नाकावर लाकडाचा साप.

"उत्तरेच्यांनो, लागा ना.
वारा वळेना,
दक्षिणेची निघेनात,
शिंग वाजेना,
एड्रिक ढाल उचलेना,
बाळ माझं आत, दाणा माझ्या गालात."

"भरती आल्याशिवाय लागायचं नाही," साप म्हणाले.

टुणुक टुणुक. चिमी गेली दर्याकडे.

"दर्याबाबा, भर ना.
उत्तरेची लागेनात,
वारा वळेना,
दक्षिणेची निघेनात,
शिंग वाजेना,
एड्रिक ढाल उचलेना,
बाळ माझं आत, दाणा माझ्या गालात."

दर्या म्हणाला, "चांदोबा आल्याशिवाय भरायचं नाही."

चिमीने मान वर केली. केवढं ते आभाळ, आणि केवढीशी चिमी. तिने पुढचे पाय जोडले.

"चांदोबा चांदोबा, ये ना.
दर्या भरेना,
उत्तरेची लागेनात,
वारा वळेना,
दक्षिणेची निघेनात,
शिंग वाजेना,
एड्रिक ढाल उचलेना,
बाळ माझं आत, दाणा माझ्या गालात."

"बाळ आत आहे?" चांदोबाने विचारलं.

"हो."

"आणि दाणा अजून गालातच?"

"हो."

चांदोबाने कसलीच अट घातली नाही. तो हळूच वर आला.

दर्या भरला. सळ सळ सळ. उत्तरेची लागली. धडाड. शिंगाने दक्षिणेची वाट पाहिलीच नाही. परकी ती परकीच. भों ओं ओं! एड्रिकने ढाल उचलली. राजा पुढे, एड्रिक मागे, सगळे उत्तरेला धावले. धप धप धप.

चिमी घरी आली. टुणुक टुणुक. दार उघडं! आधी बाळाने दाणा खाल्ला. उरलेला कण चिमीने खाल्ला.

तेवढ्यात गवताने कूस बदलली. वारा वळला. घूं घूं घूं. दक्षिणेची निघाली. काठावर त्यांना अडवायला कोण होतं? कोणीच नाही. पाणीभर शिडंच शिडं. चिमी आणि बाळ बघतच राहिली.

एड्रिक उत्तरेत जिंकला, आणि तसाच धावत परत आला. पाय सुजलेले. दक्षिणेचे काठावर उतरलेच होते. टेकडीवर ढालीला ढाल लावून सगळे उभे राहिले. एड्रिकने खाली वाकून पाहिलं. "चिमीताई, इथंच ना तुझं दार?" आणि ढाल चार बोटं बाजूला टेकवली.

दिवसभर ठण ठण ठण. संध्याकाळी सगळं शांत. टेकडीवरचा राजा लढता लढता गेला. त्याच्या लोकांचं जुनं राज्य संपलं. खुर्चीवर दक्षिणेचा बसला.

एड्रिक घरी निघाला. ढाल त्याने दारापाशी तिरकी उभी केली. छपरासारखी. "मला आता नको ही. पावसात बाळ भिजेल तुझं."

रात्री पाऊस आला. टप टप टप, ढालीवर.

बाळाने विचारलं, "आई, खुर्ची कोणाची?"

"आज याची, काल त्याची."

"आणि वारा?"

"वारा देवाचा, बाळा."

बाळ आत, आई आत. दाणा दोघांच्या पोटात.

चिमीचं दार उघडलं, तसं अडलेल्या सगळ्यांचं उघडो. चला, डोळे मिटा.