मर्जूबाचा दम

फार वर्षांपूर्वी, आमच्या खाडीच्या तोंडाशी दीपगृह नव्हतं आणि तिथले खडक कुठे आहेत हे फुटलेल्या गलबतांनाच ठाऊक असे, त्या काळी शिरवेळच्या किनाऱ्यावर एक माणूस वाहून आला. अरबांच्या मुलखातला, समुद्रात बुड्या मारून मोती काढणारा. त्याचे सगळे सोबती बुडाले, तो एकटा वाचला. नाव मर्झूक. ते काही गावाच्या जिभेला वळेना, म्हणून त्याचा मर्जू झाला. येसू तांडेलीण नावाच्या विधवेने त्याला पडवीत जागा दिली, पेज वाढली. तो बिचारा समुद्राकडे पाठ करून बसे आणि कुणाशी चकार शब्द बोलत नसे.

शिरवेळ म्हणजे हुतूतूचं वेड लागलेलं गाव. मुलगी द्यायची तर मुलाचा दम किती हे आधी विचारायचे, होड्या किती हे मागाहून. एकदा पुळणीवर खेळ रंगलेला असताना लोक ओरडले, ‘मेला, मेला!’ मर्जू घाबरून धावत गेला. बघतो तर मेलेला गडी रेघेबाहेर बसून दात काढतोय, आणि थोड्या वेळाने जिवंत होऊन परत आत शिरतोय. मर्जू पोट धरधरून हसला आणि हसताहसता रडला. मेलेले सोबती परत येतात असा खेळ त्याला सापडला होता. मग त्याला दुसरं काही सुचेना.

पहिल्याच चढाईला त्याची फजिती झाली. दम धरायचा, एवढंच त्याला कळलं होतं. पाणबुड्याच तो. गाल फुगवून, तोंड घट्ट मिटून गेला, चार गडी टिपले आणि ऐटीत परत आला. सगळे म्हणाले, बाद! दम पोटात ठेवून चालत नाही बाबा, तो लोकांना ऐकू यावा लागतो. तेव्हा मर्जू ‘हुतूतू’ म्हणायला शिकला. आपल्या भाषेतला त्याचा हा पहिला शब्द, आणि त्याला अर्थच नाही. लाकडं फोडताना, जाळी शिवताना तो तेवढंच घोकत राही. येसूने पेज चुलीवर ठेवली की दम सुरू करी आणि पेज शिजली की सोडी, असं म्हणतात.

शिमग्यानंतरच्या मोठ्या ओहोटीला शिरवेळचा आणि पलीकडच्या आडबंदरचा सामना होई. जिंकेल त्या गावाने वर्षभर खाडीच्या तोंडाशी जाळी टाकायची, हरेल त्याने उरल्यासुरल्या मासळीवर भागवायचं. शिरवेळ कित्येक वर्षं उरलंसुरलंच खात होतं. त्या साली मर्जू लंगोट कसून उतरला, तसा आडबंदरचा म्होरक्या बाबी सारंग आडवा आला.

“हो माणूस तुमचो न्हय,” तो म्हणाला. “जीव जाऊक लागलो की माणूस आपल्या आवशीक हाक मारता. तेच्या तोंडातसून खयची हाक येता, ती बघूया.”

पैज ठरली. मर्जूच्या तोंडून हुतूतूशिवाय दुसरा एक शब्द निघाला, मग ती आईला मारलेली हाक का असेना, तर शिरवेळ हरलं आणि मर्जूने पहिल्या गलबताने आपल्या मुलखाला जायचं. येसूचं तोंड एवढंसं झालं.

सामना अटीतटीचा झाला. भरती लागली तरी निकाल लागेना. शिरवेळचा शेवटचा गडी उरला मर्जू. तो चढाईला गेला आणि आडबंदरच्या सगळ्यांनी मिळून त्याला खाली दाबलं. अंगावर माणसांचा ढीग आणि वरून पाणी. गुडघाभर झालं, कमरेएवढं झालं. मर्जू दिसेना. मग पाण्यावर बुडबुडे येऊ लागले, आणि प्रत्येक बुडबुडा फुटताना ‘हुतूतू’ म्हणू लागला, असं म्हणतात. आम्ही म्हटलं तर बढाई झाली असती, पण आडबंदरचे लोकही असंच म्हणतात. बुडबुड्यांत अल्लाचं नाव नव्हतं, आईचं नव्हतं. वरच्या गड्यांचेच दम संपले आणि ते एकेक करून सुटले. बुडबुडे सावकाश मधल्या रेघेकडे सरकले. रेघ म्हणून वाळूत काथ्याचा दोर पुरलेला होता. तो दोर मुठीत धरून मर्जू वर आला, तेव्हाही त्याचं हुतूतू चालूच होतं.

लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं तरी तो थांबेना. घरापर्यंत तसाच. शेवटी येसूने पेजेचं ताट पुढे ठेवून त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“जिंकलंस रे झिला,” ती पोटच्या लेकाला म्हणावं तशी म्हणाली. “आता तरी दम घे.”

मागून आलेला बाबी सारंग पडवीच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, “गे येसू, हो झील तुझोच गो.” मग त्यानेही पेज मागितली.

मर्जू म्हातारा होऊन इथेच गेला. तेव्हापासून शिरवेळला कुणी नवं आलं, नवी सून म्हणा, शाळेचे मास्तर म्हणा, मचव्यांवरचे नेपाळी खलाशी म्हणा, की त्याला ओल्या वाळूत उभं करतात. त्याने एका दमात हुतूतू म्हणत धावायचं आणि काथ्याच्या दोराला हात लावायचा. पुष्कळांचा दम अर्ध्या वाटेत सुटतो, आम्ही भरपूर हसतो, पण परत कुणी विचारत नाही की तुझं गाव कुठलं. गेल्या साली आमच्या हुतूतूच्या संघाचा कप्तान नेपाळचाच होता. आणि दोराला हात लागला की गावातली सगळ्यांत म्हातारी बाई पेज घेऊन पुढे येते, त्याच्या पाठीवर हात ठेवते आणि सांगते, आता तरी दम घे.