तुळसाक्कांनी काय शोधलं

माळवंडी संस्थानचे राजेसाहेब तसे न्यायी, पण मेहुण्यापुढे त्यांचं काही चालायचं नाही. एका उन्हाळ्यात तलावाचं पाणी आधी कोणाला सोडायचं यावरून दोन गावांत भांडण पेटलं. एक गाव मेहुणे भुजंगरावांच्या जहागिरीतलं, दुसरं तुळसाक्का पाटलिणीचं. राजेसाहेबांनी शर्यत लावली. डोंगरावर गुहाच गुहा होत्या. त्यातल्या एकीत लपवलेलं निशाण जो आणेल, त्याच्या गावाला पहिलं पाणी. कोणती गुहा, ते मात्र त्यांनी मेहुण्याच्या कानात आधीच सांगून टाकलं.

नगारा वाजला. भुजंगरावांची माणसं मिशांना पीळ देत सावकाश निघाली. तुळसाक्कांनी आपल्या गड्यांना पायथ्यालाच बसवून ठेवलं.

"अक्का, पाणी जाईल की हातचं!" एकजण कळवळला.

"थांब जरा. ते कुठं जातात बघ."

ती माणसं कुठल्याच गुहेत न डोकावता थेट उंबराजवळच्या गुहेकडे वळली.

"पळा आता!" अक्का ओरडल्या.

त्यांचे गडी चपळ. भुजंगरावांच्या माणसांना वाटेतच मागे टाकून ते निशाण घेऊन दरबारात हजर झाले.

"दाजी, ही फसवणूक आहे!" भुजंगराव थयथयाट करू लागले. "यांनी काही शोधलंच नाही!"

"शोधलं की," तुळसाक्का म्हणाल्या. "निशाण कुठंय ते आम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून ज्यांना ठाऊक होतं त्यांना शोधलं. आता महाराजांनीच विचारावं, यांना ते सांगितलं कोणी?"

राजेसाहेबांना एकदम ठसका लागला.

"पाणी सोडा!" ते कसेबसे म्हणाले. "आधी अक्कांच्या गावाला!"