शेवंतवाडीचा कुसळमाळ

पाहुणे, त्या चिऱ्याच्या पुढं पाऊल टाकू नका. पायांत मोजे आहेत, म्हणजे तर मुळीच नको. हे कुसळ एकदा कापडात शिरलं की ओढाल तेवढं आत जातं. इथं गुरं चरत नाहीत, शेळ्यासुद्धा वळसा घालून जातात. पण काल लग्नात तुम्ही विचारलंत ना, की नवरीच्या हातात फुलांऐवजी वाळक्या गवताची जुडी का, ती जुडी याच माळावरची. आणि हा माळ पूर्वी माळ नव्हता. इथं देशमुखांची गढी होती.

त्या देशमुखाचं नाव मला ठाऊक आहे, पण मी घेत नाही. वाडीत कुणीच घेत नाही.

असं सांगतात, की त्या काळी वाडीचं नाव खरं होतं. घरोघरी शेवंतीचे वाफे होते. माळ्याची लेक सासरी निघाली की आई आपल्या हातानं शेवंतीचा तुरा बांधून तिच्या मुठीत द्यायची. ज्या पोरीच्या हातात तुरा नाही तिला सासरी ‘रित्या हाताची’ म्हणत, आणि ते नाव जन्मभर चिकटायचं. एका वर्षी पावसानं दगा दिला. सगळे वाफे करपले. एक तेवढा उरला, ठकू माळणीचा. ती विधवा बाई. लेक येसूचं लग्न मार्गशीर्षात ठरलेलं. ठकूनं म्हणे चार महिने अर्ध्या कोसावरच्या झऱ्यावरून डोक्यावर घागरी वाहिल्या. स्वतः दोन-दोन दिवस अंघोळ केली नाही, पण वाफा सुकू दिला नाही.

त्याच दिवशी देशमुखाच्या लेकीचंही लग्न होतं. येसूचं दुपारी, तिचं गोरज मुहूर्तावर. सकाळी देशमुखाची माणसं आली आणि वाफा ओरबाडून घेऊन गेली. कळीसुद्धा ठेवली नाही. जाताना रोपं तुडवली, ती निव्वळ मस्ती.

ठकू गढीच्या दारात गेली. म्हणाली, “मालक, समदी ऱ्हाऊ द्या तुमास्नी. येक तुरा तेवढा द्या. माज्या येसूच्या हातात काय देऊ?”

देशमुख पान खात होता. तो म्हणाला, “माळावर कुसळं बक्कळ आहेत. तीच दे की.” आणि भोवतालची माणसं हसली.

ठकू वळली, तेवढ्यात कारभाऱ्यानं तिला हाक मारली. फुलांच्या राशी पडल्या होत्या आणि मुहूर्ताला अजून अख्खा दिवस जायचा होता. गढीत फुलं लुटायची अक्कल सगळ्यांना होती, राखायची एकालाही नव्हती. त्यानं विचारलं, “माळणी, ही सांजेपर्यंत टवटवीत कशी राहतील?”

खुडलेलं फूल उघड्या पाटीत, सावलीत, वाऱ्याला ठेवायचं असतं. आमच्याकडच्या शेंबड्या पोरीलाही हे कळतं. ठकूनं हात जोडले आणि अगदी नम्रपणे सांगितलं, “थंडीचं दीस हायती. गारठ्यानं काळी पडत्याल. वल्ल्या घोंगडीत घट्ट बांदा आन् चुलाणापाशी ठिवा. सांजंला सोडा, तवर हात लावू नगा.”

मग ती माळावर गेली. पिवळंधमक कुसळ विळ्यानं कापलं, केळीच्या सोपटानं त्याची जुडी बांधली आणि येसूच्या मुठीत दिली. येसू रडायला लागली. “आये, टोचतंय गं!”

“टोचू दे,” ठकू म्हणाली. “सासरी कुनी इचारलं तर सांग, माज्या आयेनं दिलंय. आज सांजंला ह्याचं मोल समद्यास्नी कळंल.”

आणि कळलं. गोरजाच्या वेळी मांडवात घोंगड्या सोडल्या, तर आत नुसता काळा, आंबलेला लगदा. असा वास सुटला म्हणे, की भटजींनी नाकाला उपरणं लावलं. नवरीच्या अंगावर घालायला एक धड फूल नाही. वरपक्ष घाटाखालचा, मोठा मानी. सडक्या फुलांनी आपलं स्वागत केलं, एवढंच त्यांनी धरलं. अक्षता खाली टाकल्या आणि वऱ्हाड आल्या वाटेनं परत गेलं.

देशमुख बाहेर धावत आला तेव्हा ठकू उंबऱ्यापाशीच उभी होती. तिनं उरलेलं कुसळ त्याच्या अंगणात झटकलं आणि म्हणाली, “मालक, तुमीच सांगितलं व्हतं ना, कुसळं दे म्हनून? दिली. तुमच्या ह्या अंगनात गवात माजंस्तवर वाडीची येक बी लेक हातात फूल धरनार न्हाई.”

तिसऱ्या दिवशी देशमुखाची लेक मथुरा अनवाणी ठकूच्या दारी आली. अंगावर हळद तशीच होती. “मावशी, माझं काय चुकलं होतं?” तिनं विचारलं.

ठकूनं म्हणे तिला बसायला घोंगडं दिलं, प्यायला पाणी दिलं. मग म्हणाली, “तुजं काय बी न्हाई, बाय. पर माज्या येसूचं तरी काय चुकलं व्हतं?” आणि शब्द मागं घेतला नाही. लोकांना हे ऐकून वाईट वाटतं. मलाही वाटतं. पण ठकूच्या जागी मी असते तर मीही घेतला नसता.

पुढं देशमुखाच्या सोयरिकी तुटल्या, भाऊबंद पांगले, गढीचे चिरे लोकांनी गोठ्यांना नेले. तुम्ही पाहताय तो चिरा गढीच्या उंबऱ्याचा, त्याला कुणी हात लावला नाही. अंगणात गवत माजून किती पिढ्या झाल्या कुणास ठाऊक. म्हणजे ठकूची अट केव्हाच पुरी झाली. हवं तर आमच्या पोरी उद्या गुलाब घेतील, ऑर्किड घेतील. शहरातले पाहुणे आणतातही. पण एकही घेत नाही.

आजही वाडीची नवरी सासरी निघाली की गाडी इथं थांबते. मुलगी उतरते, एक काडी मथुरेच्या नावानं चिऱ्यावर ठेवते, आणि बाकीची जुडी माळावर झटकून मोठ्यानं म्हणते, “देशमुख, फुलं पोचली का?”

माझं सासर याच वाडीतलं, आमच्या घरापासून चार घरं पलीकडं. तरी मी गाडी फिरवून इथं आणायला लावली होती. विचारलं, आणि पाहुणे, खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.