कात्री न लागलेला गुलाब

फार मागची गोष्ट आहे, आणि गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते. डोंगराच्या उतरणीवर एक गाव होतं. गाव सगळं खडकावर वसलेलं, त्यामुळे अंगण म्हणायचं ते आपलं नावाला. दाराबाहेर हातभर फरशी, संपलं अंगण. पण माणसं मोठी हौशी. फुटके माठ, गळकी घमेली, जे मिळेल त्यात माती भरायची आणि बुटके पांढरे गुलाब लावायचे. झाड गुडघ्याच्या वर जायचं नाही आणि फूल लहान मुलाच्या मुठीत मावायचं.

त्या गावात एक रीत होती. दसरा झाला की चौथ्या दिवशी सगळं गाव एकदमच गुलाब छाटायचं. छाटलेल्या काड्या कुणी टाकायच्या नाहीत, टोपलीत भरून दाराशी ठेवायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्यानं हवी ती काडी उचलायची आणि घरी नेऊन मातीत खोचायची. विचारायचं नाही आणि आभारही मानायचे नाहीत. त्यामुळे एखाद्याच्या दारचं झाड मेलंच, तर त्याची लेकरं चार दारांत जिवंत असायची. मग तो हक्कानं जायचा आणि आपल्याच झाडाची काडी परत मागून आणायचा.

या गावात एक कासारीण राहायची. दारोदार जाऊन बायकांना बांगड्या भरायची. नवरा लवकर गेला, मागे एकच लेक, सगुणा. सगुणा म्हणजे तिचा जीव की प्राण. पोरीला गुलाबांचं भारी वेड. बाकीचे काडी लावायचे, ही मात्र फूल वाळल्यावर धरतं ते फळ फोडून त्यातलं बी पेरत बसायची. दहा बिया पेरल्या, नऊ कुजल्या. एक उगवली.

त्या रोपाला फूल आलं तेव्हा अख्खं गाव बघायला लोटलं. फूल बोराएवढं, पांढरंशुभ्र, आणि एकेका डहाळीला पंधरा-पंधरा! असा गुलाब त्या गावात कुणी पाहिला नव्हता. सगुणेची मैत्रीण गोदी म्हणाली, "दसऱ्यानंतर पहिली काडी माझी हं." सगुणा म्हणाली, "तुझी नाही तर कुणाची?"

पण त्या दसऱ्याआधीच गावात तापाची साथ आली आणि सगुणा गेली. चार दिवसांत हसती-खेळती पोर गेली हो.

मग दसरा आला, चौथा दिवस आला. घरोघरी कात्र्या चालायला लागल्या. कासारीण कुंडीजवळ भिंतीला टेकून बसून होती. गावाचा म्हातारा माळी तिच्या दाराशी आला. "बाई, छाटायचं ना? तुमचा हात होत नसेल तर मी छाटतो."

"माळीबाबा, हात लावू नका," कासारीण म्हणाली. "माझी लेक आहे ती. तिच्या अंगाला कात्री लावू? आणि तिचे तुकडे करून गावाला वाटू?"

माळी खाली बसला. समजुतीच्या सुरात म्हणाला, "अहो, छाटलं तरच गुलाब जगतो. नाही तर आतल्या आत वाळतो. आणि हे झाड बीचं आहे. पुन्हा हजार बिया पेरल्या तरी हाच गुलाब यायचा नाही. तो येणार फक्त याच्याच काडीपासून. आज गावात असं हे एकच झाड आहे. एकाच कुंडीच्या भरवशावर राहू नका."

कासारणीनं मान फिरवली. माळी उठून गेला. संध्याकाळी गोदी आली. दारातच उभी राहिली आणि चाचरत म्हणाली, "मावशी, सगुणानं मला काडी देते म्हटलं होतं."

"म्हटलं असेल. ती आता नाहीये," कासारीण म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

आता कासारीण काही वाईट बाई नव्हती बरं का. पण ज्याचं एकुलतं एक जातं त्याच्या मनात एक भीती घर करून बसते, उरलेलंही कुणीतरी नेईल अशी. ती झाडाला तळहाताच्या फोडासारखं जपायची. ऊन चढलं की कुंडी आत, वारा सुटला की आत. पान गळलं तरी उचलून डबीत ठेवायची. शेजारणी बोलायला थांबल्या तर त्यांच्या हातांकडे बघत राहायची.

पुढच्या वर्षीही कात्री लागली नाही. झाडात वाळक्या डहाळ्यांचं जाळं झालं, फुलं निम्म्यावर आली. गोदी पुन्हा येऊन मागून गेली. तिसऱ्या वर्षीही तेच. फुलं तर बोटांवर मोजण्याइतकी उरली. कासारीण म्हणायची, "माझी पोर दमलीये. येतील पुढच्या वर्षी." समजावणाऱ्यांनी समजावून पाहिलं, मग तोंडाला कुलूप लावलं.

तोवर गोदीचं गावातच लग्न झालं. तिला दिवस गेले. सातव्या महिन्यात हिरवा चुडा भरायचा म्हणून सासूनं कासारणीला बोलावणं धाडलं. कासारीण गेली. गोदीचा हात हातात घेऊन एकेक बांगडी चढवत होती, तोच तिची नजर खिडकीत गेली. खिडकीत नारळाच्या करवंटीत वीतभर रोप होतं, आणि त्यावर बोराएवढं एकच पांढरं फूल.

कासारणीनं हातातली बांगडी खाली ठेवली. "हे कुठून आणलंस?"

गोदीनं खाली बघितलं. "तुम्ही पाण्याला गेला होता तेव्हा घेतली. एकच काडी घेतली, मावशी. तीनदा मागितली हो मी."

"चोरलीस! माझी लेक चोरलीस!"

"मावशी, ऐका तरी. ती माझीपण होती हो. माझं पोर जन्माला आलं की त्याला दाखवायचं होतं, बघ, तुझ्या सगुणामावशीनं..."

पण कासारीण ऐकायच्या पलीकडे गेली होती. तिनं करवंटीतलं रोप मुळासकट उपटलं, मधोमध मोडलं आणि पेटत्या चुलीत घातलं. सासू ओरडली. अर्धा चुडा तसाच ठेवून कासारीण घरी आली, कुंडीला मिठी मारून बसली आणि म्हणाली, "आता तू फक्त माझी." किती समाधान वाटलं तिला त्या दिवशी! मला मात्र हे सांगतानाही राग येतो.

ही गोष्ट दुपारपर्यंत गावभर झाली. कासारणीच्या दारावरून जाताना लोक काडी चोरल्याचा आळ नको म्हणून हात पदराआड, खिशात घालून जायला लागले.

त्या पावसाळ्यात झाडाचे शेंडे काळे पडले. आधी एक, मग चार. काळेपण डहाळीतून खाली उतरायला लागलं. कासारीण घाबरली आणि आपणहून माळ्याकडे धावली. माळ्यानं येऊन झाड पाहिलं आणि तो कळवळला. "बाई, काळं जिथवर आलंय त्याच्या खाली, हिरव्या भागात काप घ्या. आजच्या आज. कापावर शेण लिंपा. आणि हिरव्या निघतील त्या दोन-चार काड्या लगेच वेगवेगळ्या घरी लावायला द्या. एखादी तरी लागेल."

त्यानं आपली कात्री तिच्या हातात दिली. ती कात्री घेऊन झाडापुढे बसली. डहाळी धरली. पण तिला पाती काही मिटवेनात. "माळीबाबा, चार दिवस थांबून बघते."

"चार दिवस नाहीत हो तुमच्याकडे," माळी म्हणाला. "मी कापू?"

"नको!" ती किंचाळली आणि कुंडीवर आडवी झाली. म्हातारा काय करणार? झाड तिचं होतं. तो हताश होऊन निघून गेला.

चार दिवस तिनं झाडाला दूध घातलं, नवस बोलले, ओलं फडकं गुंडाळलं. पाचव्या दिवशी सकाळी बघते तर काळं बुंध्याशी टेकलेलं. तेव्हा मात्र तिनं कात्री चालवली. एक डहाळी कापली, आत तपकिरी. दुसरी, तपकिरी. कापत कापत मातीपर्यंत आली. हिरवं कुठंच नव्हतं.

मग ती अनवाणी घराबाहेर पडली. दारोदार गेली. ज्या दारांत बांगड्या भरायला जायची, त्याच दारांत हात जोडून उभी राहिली. "माझ्या सगुणेची काडी आहे का हो कुणाकडे? चोरली असली तरी चालेल. मी काही बोलणार नाही."

बायका माना हलवायच्या. एक म्हणाली, "गोदीच्या रोपाचं तुम्ही काय केलंत ते कळल्यावर काडी घ्यायची कुणाची छाती होणार होती?"

शेवटी ती गोदीच्या दारात आली. गोदी बाळाला पाजत बसली होती. कासारणीला उंबरा ओलांडायचं धाडस होईना. बाहेरूनच विचारलं, "गोदे, तेव्हा आणखी एखादी काडी घेतली होतीस का गं? खरं सांग. घेतली असलीस तर मी तुझ्या पाया पडते."

गोदीचे डोळे भरून आले. "नाही मावशी. एकच घेतली होती. जास्त घेतली असती तर झाडाला इजा झाली असती."

कासारीण तिथंच उंबऱ्याबाहेर बसली आणि मोठ्यानं रडली. सगुणा गेली तेव्हाही अशी रडली नव्हती, कारण तेव्हा त्यात तिचा स्वतःचा काही हात नव्हता.

त्या गावात अजूनही दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी दारोदार टोपल्या दिसतात. पांढऱ्या गुलाबांच्या नाना जाती आहेत तिथं. बोराएवढ्या फुलाची तेवढी नाही.

तात्पर्य इतकंच, की जे जिवापाड आवडतं ते चार हातांत असू द्यावं. एकट्यानं कवटाळलेलं हातून गेलं, तर परत मागायला एकही दार उरत नाही.