पाथरवाडीच्या चर्चचा उघडा कोपरा

चपला इथे काढा. आणि मोजपट्टी काढणार असाल तर आत्ताच सांगा. मागे एक जण असाच गोष्ट ऐकायला म्हणून आला आणि भिंत धोक्याची आहे असं वर कळवून मोकळा झाला.

हे आमचं चर्च. काळ्या दगडाच्या भिंती, वर कौलं. मनोरा नाही, मूर्ती नाही. लांबून चावडीच वाटते. आता हा ईशान्येचा कोपरा पाहा. जमिनीलगतचा एक दगड चुन्याविना नुसता लावून ठेवलाय. तो सरकवला की आत हातभर पोकळी. पाया कुणी पोकळ ठेवतं का? आम्ही ठेवलाय.

फार जुनी गोष्ट. गावात तेव्हा लहानूजी भिंगारदिवे नावाचे उपदेशक होते. स्वतः दगड वाहून त्यांनी हे बांधायला घेतलं. पण हा कोपरा दर खेपेला ढासळायचा म्हणे. खाली काळी माती, दुसरं काय होणार? गावात मात्र कुजबुज सुरू झाली, की कोपरा जीव मागतोय. अशात भागूबाईची ठकी नाहीशी झाली, चार वर्षांची पोर. भागूबाईचा नवरा नुकताच ख्रिस्ती झाला होता, ती झाली नव्हती. आणि नेमका त्याच आठवड्यात कोपरा उभा राहिला.

मग काय, कुजबुजीला पाय फुटले. नवरा शेजारी येऊन बसला की भागूबाई उठून जायची. एका सकाळी ती पहार घेऊन कोपऱ्याशी आली. मागे अख्खा गाव.

"माजी ठकी दाखवा," ती म्हणाली. "न्हाईतर मला बी हितंच गाडा."

लहानूजींनी तिच्या हातातली पहार घेतली आणि कोपरा पाडला. खाली माती आणि मुरूम. "दुसऱ्या कोपऱ्यात असंल," मागून कुणीतरी म्हणालं. त्यांनी दुसरा पाडला. मग उरलेले दोन्ही. संध्याकाळी चर्च असं काही उरलंच नव्हतं. ठकी कुठेच नव्हती. कुणी म्हणतं ओढ्यात गेली, कुणी म्हणतं लांडग्यानं नेली.

"तुमी आदीच हलवली असंल," भागूबाई म्हणाली.

मला इथे लहानूजींचं फार वाईट वाटतं. माणसानं आणखी काय पाडून दाखवायचं? त्यांनी सगळ्यांदेखत देवापुढे वचन दिलं, "बाई, म्या पुन्यांदा बांधतो. पर ह्यो कोपरा बुजवणार न्हाई. तुजं मन भरंल तवा तूच बुजवा म्हण."

चर्च पुन्हा उभं राहिलं. दर रविवारी भागूबाई यायची, दगड सरकवायची, खांद्यापर्यंत हात घालून चाचपायची आणि निघून जायची, असं सांगतात. नवरा आत प्रार्थनेला बसलेला असायचा. लहानूजी गेले तरी तिचं येणं चुकलं नाही. शेवटी तीही गेली. 'बुजवा' काही म्हणाली नाही.

आता पोकळीत पावसाचं पाणी शिरतं. भिंतीला तडा गेलाय. गवंडी म्हणतात, बुजवा. पण ते म्हणायचा हक्क तिचा होता.

आजही रविवारी जी आई लेकरू घेऊन आधी पोचते, ती आत हात घालून "रिकामं हाय" असं मोठ्यानं सांगते, मगच घंटा होते. हसू नका, तुम्हीही घाला हात. मी तर रोज सकाळी दार उघडण्याआधी घालतो. लहानूजी माझे पणजोबा. तरी घालतो.