रंगारआळी दिसता कामा नये

कुंभेरी नगरातल्या रंगारआळीचं करायचं काय, यावर नगरसभा सकाळपासून खल करत होती. दुपारचे विडे खाऊन झाले तरी काही ठरेना.

भानगड दुहेरी होती. रंगाऱ्यांचं म्हणणं, ज्वारी महागली, तेव्हा राजवाड्याचं कापड रंगवण्याची मजुरी वाढवा. आणि नेमका त्याच दिवसांत राजे रणधीररावांनी वाड्याला नवा सज्जा काढला होता. मोठ्या हौसेनं ते पहिल्याच सकाळी सज्जात येऊन उभे राहिले, तर समोर काय? रंगारआळीची वाकडीतिकडी छपरं, काळीकुट्ट धुराडी, फुटके रांजण! महाराजांना न्याहारी गोड लागली नाही. नगराला काही शोभा आहे की नाही, म्हणाले.

सभेचे प्रमुख नगरशेट धनपाळ. त्या जागेवर आपली बाग करायची असं त्यांच्या मनात केव्हाचं होतं, पण ते कोण बोलून दाखवतो! त्यांनी तोडगा सुचवला की आळी उचलून नदीपलीकडे न्यावी, आणि हलवाहलवीला खर्च येणार म्हणून मजुरी आहे तिथेच ठेवावी. सभेनं माना डोलावल्या. निम्मे लोक तर पेंगत होते, त्यांच्या माना आधीपासूनच डोलत होत्या. आता नदीपलीकडे नुसता उंच कातळ, विहीर खणायची सोय नाही. पाण्यावाचून रंगारी काय थुंकीनं कापड रंगवणार? पण हा प्रश्न सभेत कोणालाच पडला नाही.

पडला तो ठकूला. ठकू ही आळीतली रंगारीण, कोपरापर्यंत हात निळे आणि जिभेला हाड नाही. रंगाऱ्यांनी आपलं गाऱ्हाणं मांडायला तिलाच पुढे केलं होतं. महाराज निकाल द्यायला सभेत आले, तेव्हा तिनं त्यांना सरळ सांगितलं की आळी हलली तर दुसऱ्या दिवसापासून रंगकाम बंद पडेल, आणि छपरांचा एवढा त्रास होत असेल तर सज्जाच दुसऱ्या बाजूला काढायचा होता.

सभेची झोप उडाली. महाराज हट्टी होते, त्यांना असलं ऐकायची सवय नव्हती. ते म्हणाले, "ठीक आहे. दसऱ्याच्या सकाळी मी सज्जात येईन. तुझी आळी मला दिसता कामा नये. एकही घर पाडायचं नाही, भिंत बांधायची नाही, झाड लावायचं नाही, खजिन्यातून दमडी मिळायची नाही. जमलं तर मजुरी वाढेल. नाही जमलं तर चंबूगबाळं उचलायचं आणि नदीपार व्हायचं."

"महाराज डोळे मिटून उभे राहिले तर चालेल का?" ठकूनं विचारलं.

चालणार नाही, असं महाराजांनी सांगितलं. नगरशेटांनी त्याच संध्याकाळी माळ्याला बोलावून घेतलं.

आळीत ठकूची कोण शोभा झाली! तिच्या तोंडाळपणानं सगळ्यांना देशोधडीला लावलं, असं जो तो म्हणू लागला. नवरा, राघू त्याचं नाव, कपाळाला हात लावून बसला. खोटं कशाला सांगू, ठकूचीही झोप उडाली होती. लग्न होऊन ती याच आळीत आली होती, दाराशी गोड्या पाण्याची विहीर होती. ते सगळं सोडून कातळावर जायचं म्हटलं की ती उठून विहिरीच्या काठाशी जाऊन बसे.

एवढ्यात दरवर्षीप्रमाणे दसऱ्याचं काम आलं. तंबू, कनाती, निशाणं, हत्तीच्या झुली, सगळं राजवाड्यातून आळीत रंगायला येई. रंगवलेलं कापड रंगारी नदीच्या वाळवंटात पसरून वाळवत. या वर्षी मात्र ठकूनं सगळ्यांना सांगितलं की कोणी वाळवंटाकडे फिरकायचं नाही. तिनं छपराछपरांवर बांबू उभे करायला लावले आणि या घरापासून त्या घरापर्यंत दोऱ्या ताणल्या. राघूनं कारण विचारलं, तर म्हणे यंदा वाळू फार चिकटते.

दसऱ्याच्या सकाळी महाराज नगरशेटांसह सगळ्या सभेला घेऊन, ठकू आणि राघूलाही बोलावून, सज्जात आले आणि बघतच राहिले. समोर लालभडक तंबू, पिवळ्याधमक कनाती, भगवी निशाणं, सगळं वाऱ्यावर डुलत होतं. छप्पर नाही, धुराडं नाही, रांजण नाही.

नगरशेट ओरडले की हा पडदा आहे, ही शुद्ध फसवणूक आहे.

ठकू म्हणाली, "पडदा कसला शेटजी? महाराजांचंच कापड आहे, ओलं आहे म्हणून वाळत घातलंय. वाळत घालू नका, असं काही महाराज म्हणाले नव्हते."

महाराजांना हसू आलं. पण नगरशेट कसले गप्प बसतात! त्यांनी महाराजांना विचारलं की संध्याकाळच्या मिरवणुकीला हे कापड उतरणार, मग उद्या सकाळी सज्जातून काय दिसणार? महाराजांचं हसू मावळलं. राघूनं तर मनातल्या मनात बोचकं बांधायला घेतलं.

"शेटजी अगदी खरं बोलले," ठकू म्हणाली. "उद्या दोऱ्या भरायच्या तर उद्याही रंगारी हवेत. मजुरी वाढली तर आम्ही इथेच राहू, आणि महाराजांना रोज नवा रंग दिसेल. नाही वाढली तर आम्ही पोटामागं दुसऱ्या गावी जाऊ. घरं मात्र पाडायची नाहीत, असा महाराजांचाच हुकूम आहे. मग दोऱ्या रिकाम्या, छपरं जागच्या जागी, आणि समोर महाराज!"

महाराज असे हसत सुटले की पागोटं सरकून कानावर आलं. तिथल्या तिथे त्यांनी मजुरी वाढवली, आळी आहे तिथेच राहील असं सांगितलं. सभेनं पुन्हा माना डोलावल्या, या खेपेला जागेपणी. मग ठकूला त्यांनी बक्षीस मागायला सांगितलं.

ठकूनं एकवार दोऱ्यांकडे पाहिलं, एकवार नगरशेटांकडे. "आता बारा महिने कापड वाळायचं म्हणजे दोऱ्या पुष्कळ लागतील, महाराज. त्या शेटजींनी पुरवाव्यात. आमच्या आळीची काळजी त्यांच्याइतकी कोणालाच नाही."

महाराज पुन्हा हसू लागले, आणि हसता हसताच त्यांनी नगरशेटांना दोऱ्या आणायला पिटाळलं.